केमोच्या आधीच विचारायचा प्रश्न

प्रिय डॉक्टरताई,

मी चंद्रपूर जिल्ह्यातली अंगणवाडी सेविका. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, सातवीत शिकते. तिला सिकलसेल आहे, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा जन्मजात आजार. ती एसएस, दोन्हीकडून आजाराचं जनुक आलेली. मी आणि तिचे बाबा दोघंही एएस, म्हणजे एकच जनुक असलेले वाहक; लग्नाआधी कुणी तपासलं नव्हतं. गेल्या तीन वर्षांत क्रायसिसमुळे, म्हणजे रक्तवाहिन्या तुंबून उठणाऱ्या असह्य कळांमुळे, ती अकरा वेळा भरती झाली, एकदा छातीत भरल्यामुळे आयसीयूतही होती. आता तिच्या धाकट्या भावाचा बोनमॅरो, हाडांतला रक्त तयार करणारा गर, पूर्ण जुळला आहे आणि दोन महिन्यांनी मुंबईला ट्रान्सप्लांट ठरलं आहे.

मागच्या खेपेला तिथले डॉक्टर म्हणाले, केमोमुळे हिची अंडाशयं बहुतेक निकामी होतील. पुढे मूल हवं असेल तर आत्ताच एक अंडाशय काढून गोठवून ठेवता येतं. दोन आठवड्यांत कळवा. तिची पाळी अजून आलेली नाही. तिचे बाबा म्हणतात, ‘आधी पोरगी वाचू दे, बाकीचं मग बघू.’ सासूबाई म्हणतात, धडधाकट अंग कापून काढलं हे गावात कळलं तर हिला सून कोण करून घेईल? मला वाटतं, जीव वाचतोय तेवढ्यावर समाधान न मानता मी जास्तीचं मागते आहे का? पैशाचीही ओढाताण आहे. परवा आमचं हे बोलणं चाललं होतं तेव्हा पोरगी दाराआड उभी होती. रात्री तिनं विचारलं, ‘आई, माझं काय काढणार आहेत?’ मी गप्प बसले. काय करू?

एक आई

ताई,

तुम्हाला दोन आठवड्यांत कळवायचं आहे, म्हणून माझं मत आधीच सांगते. ट्रान्सप्लांटची तारीख पुढे जाणार नसेल, भूल देणाऱ्या डॉक्टरांना धोका जास्त वाटत नसेल आणि या खर्चापायी ट्रान्सप्लांटच्या पैशांना हात लागणार नसेल, तर हो म्हणा. या तिन्हींतलं एक जरी अडलं तर ट्रान्सप्लांट आधी. आणि हो म्हणायच्या अगोदर मुलीशी बोला. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात अवघड वाक्य तिचं आहे.

मुलीच्या बाबांचं वाक्य मला ओळखीचं आहे. ते मी स्वतः एका आईला ऐकवलेलं आहे. वीस वर्षं होऊन गेली. पंधरा वर्षांची मुलगी, अप्लास्टिक ॲनिमिया (मॅरो रक्त बनवेनासा होतो तो आजार), ट्रान्सप्लांटला निघालेली. आईनं मला जिन्यात गाठून विचारलं, ‘हिला पुढं मूलबाळ होईल ना?’ मी म्हटलं, ‘आधी जीव वाचू द्या, मग बघू.’ जीव वाचला. दहा वर्षांनी तीच मुलगी लग्न होऊन माझ्यासमोर बसली. गोळ्या घेतल्याशिवाय पाळी येत नव्हती, सोनोग्राफीत अंडाशयं आक्रसलेली दिसत होती. तिनं एवढंच विचारलं, ‘तेव्हा काही करता आलं असतं का?’ तेव्हा आपल्याकडे ही सोय सहजासहजी मिळत नव्हती हे खरं. पण मी चौकशीसुद्धा केली नव्हती, हेही खरं. तेव्हापासून ‘मग बघू’ हे शब्द मी या बाबतीत वापरत नाही.

कारण इथे ‘मग’ असं काही नसतं. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत त्यातली तीन-चार लाख उरतात आणि उभ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे. नवीन बीज तयार होत नाही, जन्मताना मिळालेली शिदोरीच आयुष्यभर पुरवायची असते. ट्रान्सप्लांटच्या आधी मुलीचा जुना मॅरो रिकामा करायला जी औषधं देतात, त्यातली बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फामाइड ही या झोपलेल्या बीजांना फार मारक आहेत. मॅरो भावाकडून परत मिळतो. बीजं कुणाकडूनच परत मिळत नाहीत. म्हणून ‘आधी जीव’ हा क्रम अगदी बरोबर असला, तरी हे काम केमोचा पहिला थेंब जायच्या आधीच उरकावं लागतं. बाबांना हे असं सांगा. ते मुलीच्या विरोधात बोलत नाहीयेत, घाबरलेले आहेत. पुढच्या खेपेला त्यांना डॉक्टरांसमोर बसवा आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

डॉक्टरांना एक गोष्ट नक्की विचारा: हिला नेमकी कोणती औषधं देणार, आणि रेडिएशन आहे का? औषधं बदलली की अंडाशयांना असलेला धोकाही कमी-जास्त होतो. रेडिएशनमुळे गर्भाशयालाही इजा होऊ शकते आणि मग गोठवलेल्या ऊतीचा उपयोग मर्यादित राहतो. भावाचा मॅरो पूर्ण जुळत असताना बहुतेक वेळा केवळ औषधांवर भागतं, पण तुमच्या मुलीच्या कागदावर काय लिहिलं आहे ते बघायलाच हवं.

तुम्ही कुठेतरी ‘एग फ्रीझिंग’ ऐकलं असेल, ते हे नव्हे. त्यात दहा-बारा दिवस इंजेक्शनं देऊन बीजं पिकवतात आणि सुईनं बाहेर काढतात. ज्या मुलीची पाळी सुरू झालेली नाही तिच्यासाठी तो रस्ता नाही. तिच्यासाठी आजच्या घडीला अंडाशयाची ऊती राखणं हाच मार्ग आहे.

ते करतात कसं, तेही सांगते, म्हणजे ‘कापून काढलं’ या शब्दांची भीती थोडी उतरेल. पूर्ण भूल देऊन दुर्बिणीतून ऑपरेशन करतात, पोटावर दोन-तीन बारीक छिद्रं. लहान मुलीचं अंडाशय एवढंसं असतं, म्हणून बहुधा एक अख्खं काढतात. दुसरं जागेवरच राहतं. बीजं असतात ती अंडाशयाच्या वरच्या सालीत. प्रयोगशाळेत ती साल सोलून एखाद मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या करतात, पेशींमधल्या पाण्याचा बर्फ होऊन त्या फुटू नयेत म्हणून विशिष्ट द्रावणात भिजवतात, हळूहळू थंड करतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवून देतात. त्या थंडीत पेशींचं घड्याळ थांबतं. पंधरा वर्षांनी बाहेर काढली तरी ती ऊती बारा वर्षांच्या मुलीचीच असते.

पुढे मुलगी मोठी झाली, तिला मूल हवंसं वाटलं, तर काही पट्ट्या परत तिच्याच पोटात, उरलेल्या अंडाशयावर किंवा त्याच्या शेजारी लावतात. तुम्ही धानाच्या पट्ट्यातल्या, म्हणून सांगते, ही रोवणीच आहे. पऱ्हे उपटून बांधीत रोवले की पहिले काही दिवस पिवळे पडतात, काही मरतात, मूळ धरलं की हिरवे होतात. पट्ट्यांचंही तसंच. त्यांना शरीराकडून नव्या रक्तवाहिन्या मिळेपर्यंतच्या दिवसांत बरीच बीजं प्राणवायूवाचून दगावतात. ज्या पट्टीत मुळात बीजं भरपूर, ती हा फटका सोसते. लहान वयातली ऊती उपयोगी पडते ती म्हणूनच. मूळ धरलं की साधारण चार-पाच महिन्यांत अंडाशयाचं काम सुरू होतं, पाळी येते, आणि पुष्कळ बायकांना नैसर्गिकरीत्या दिवस राहिले आहेत.

हा सगळा उद्योग मेंढ्यांपासून सुरू झाला. १९९४ मध्ये एडिनबरात शास्त्रज्ञांनी मेंढ्यांच्या अंडाशयाच्या पट्ट्या गोठवल्या, परत लावल्या आणि कोकरं जन्मली. माणसात पहिलं मूल २००४ मध्ये ब्रुसेल्सला झालं. कर्करोगातून बऱ्या झालेल्या त्या बाईची ऊती १९९७ पासून गोठवून ठेवलेली होती. त्यानंतर जगभरात अशी दोनशेहून जास्त मुलं जन्मली आहेत. अमेरिकेतल्या प्रजनन वैद्यकाच्या संघटनेनं २०१९ मध्ये या उपचारावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला.

पण तुमच्यासाठी यातली एक हकिकत जास्त महत्त्वाची आहे, कारण ती मुलगी जवळपास तुमच्या मुलीसारखीच होती. मूळची काँगोची, बेल्जियममध्ये राहायला आलेली. सिकलसेल. मॅरो भावाचा. ट्रान्सप्लांट ठरलं तेव्हा ती चौदाव्या वर्षात होती आणि पाळी सुरू झालेली नव्हती. केमोच्या आधी ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी तिचं उजवं अंडाशय काढून गोठवलं. ट्रान्सप्लांट यशस्वी झालं, आणि डावं अंडाशय अपेक्षेप्रमाणे बंद पडलं. पंधराव्या वर्षापासून तिला हॉर्मोन द्यावी लागली. पंचविशीच्या आसपास तिनं मूल हवं म्हटल्यावर पट्ट्या परत लावल्या, पाचेक महिन्यांत पाळी आली, सत्ताविसाव्या वर्षी दिवस राहिले, तेही कोणत्याही कृत्रिम उपायाशिवाय. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिला मुलगा झाला. पुढे २०१६ च्या डिसेंबरात लंडनला चोवीस वर्षांची एक दुबईची बाई आई झाली. तिला थॅलेसेमिया होता आणि तिचं अंडाशय काढलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती.

या दोन गोष्टी वाचून तुमचे डोळे भरतील. म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगते. ज्यांच्या पट्ट्या परत लावल्या त्या बायकांपैकी साधारण तिघींत एकीला मूल झालं आहे. म्हणजे दोघींना नाही झालं. त्यातही बहुतेक जणी ऊती काढताना मोठ्या होत्या. पाळी येण्याआधी काढलेल्या ऊतीपासून झालेली मुलं अजून अगदी मोजकी आहेत. कारण तेव्हाच्या कित्येक मुली अजून मूल हवं म्हणण्याच्या वयाच्या झालेल्याच नाहीत. लावलेली पट्टी कायमची टिकत नाही, काही वर्षं काम करते. कुणी तुम्हाला ‘नातू नक्की’ असं सांगत असेल तर त्या केंद्रातून उठून या. तुम्ही मुलीसाठी मूल राखून ठेवत नाही आहात. मोठेपणी ‘मला हवं’ किंवा ‘मला नको’ यातलं काहीही तिला स्वतः म्हणता यावं, एवढी जागा राखून ठेवता आहात.

यातच तुमच्या ‘जास्तीचं मागते आहे का’ या प्रश्नाचं उत्तर आहे. ताई, ट्रान्सप्लांट कशासाठी करतो आपण? तिनं पुढची साठ वर्षं जगावं म्हणून. त्या साठ वर्षांत ती बारा वर्षांची राहणार नाही. पंचवीस-तीस वर्षांची बाई म्हणून तिला काय लागेल याचा विचार आत्ता करणं ही हाव कशी होईल? डॉक्टरांनी स्वतःहून हे सांगितलं, याचा अर्थ तुमची मुलगी जगेल असं त्यांनी मनात धरलेलं आहे. मला तुमच्या पत्रातली ती सगळ्यात चांगली बातमी वाटली.

आता सिकलसेलमुळे येणारे दोन मुद्दे, एक सोयीचा आणि एक सांभाळायचा. सोयीचा असा: ब्लड कॅन्सर झालेल्या मुलींच्या बाबतीत गोठवलेल्या ऊतीत कर्करोगाच्या पेशी दडून राहण्याची आणि परत लावताना आजारही परत जाण्याची भीती असते. सिकलसेलमध्ये ती भीती नाही. सांभाळायचा असा: एसएस मुलीला भूल देणं हे साधं काम नाही. ऑपरेशनच्या वेळी ती गारठली, अंगातलं पाणी कमी झालं, प्राणवायू उणा पडला, तर क्रायसिस किंवा छातीचं दुखणं उद्भवू शकतं, आणि तुमची मुलगी त्यातून एकदा गेलेली आहे. म्हणून ऑपरेशनआधी रक्त चढवून सिकल पेशींचं प्रमाण खाली आणतात, सलाइन लावतात, गरम ठेवतात. रक्ततज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघांनी एकत्र बसून आखणी केली आहे ना, हे विचारा. आणखी एक विचारा: ट्रान्सप्लांटसाठी छातीतून सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी नळी, घालावीच लागते, ती आणि हे ऑपरेशन एकाच भुलेत होईल का? पुष्कळ ठिकाणी तसं करतात. पोरीची एक भूल वाचते, तुमचा एक खर्च वाचतो. त्या आठवड्यात तिला ताप किंवा क्रायसिस आला, तर मात्र हट्ट धरू नका.

एक गोष्ट मला पत्रात कुठेच दिसली नाही आणि ती तुम्हाला आत्ताच माहीत असायला हवी. ट्रान्सप्लांटनंतर मुलीचं रक्त भावासारखं होईल. तिची बीजं मात्र तिचीच राहतील, जुन्या घडणीची. म्हणजे रक्ताच्या तपासणीत ती बरी झालेली दिसेल, तरी प्रत्येक बाळाला तिच्याकडून एक ‘एस’ जाणारच. नवरा एए, म्हणजे आजाराचं जनुक अजिबात नसलेला, असला तर सगळी मुलं एएस होतील, तुमच्यासारखीच, धडधाकट. नवरा एएस असला तर प्रत्येक गरोदरपणात एसएस होण्याची शक्यता निम्मी. सरकारच्या सिकलसेल मोहिमेत चाळिशीच्या आतल्या सगळ्यांची तपासणी चालू आहे, अंगणवाडीत तुम्ही ते काम जवळून पाहिलंच असेल. तुमच्या वेळी जे झालं नाही ते तिच्या वेळी होईल. एएस मुलगा निघाला तरी दार बंद होत नाही; गर्भाची किंवा गर्भाशयात सोडण्याआधी भ्रूणाची तपासणी करता येते. पण बऱ्या झालेल्या कित्येक मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना वाटतं, आता आजार गेला, आता काय तपासायचं. तसं होऊ देऊ नका.

ऊती गोठवा किंवा गोठवू नका, ट्रान्सप्लांटनंतर मुलीला हॉर्मोनची गरज बहुधा लागणारच, आणि हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. अंडाशय बंद पडलं तर वयात येणं थांबतं, हाडं ठिसूळ होतात, पुढे हृदयालाही त्रास होतो. त्यावर हॉर्मोनच्या गोळ्या किंवा त्वचेवर चिकटवायचे पट्टे असतात, डोस हळूहळू वाढवत नेतात आणि मुलगी नीट वयात येते. यासाठी लहान मुलांचे हॉर्मोनतज्ज्ञ ट्रान्सप्लांटच्या आधीच एकदा भेटलेले बरे. काही जण विचारतात, मग गोठवलेल्या पट्ट्याच लावून पाळी का आणू नये? नको. पट्ट्या मोजक्या असतात आणि काही वर्षांत थकतात. जे काम गोळीनं होतं त्यासाठी त्या खर्ची घालू नयेत.

सासूबाईंबद्दल. त्यांच्या बोलण्याचा तुम्हाला राग आला असेल, पण नातीच्या काळजीनंच त्या बोलल्या. त्यांना तीन गोष्टी सांगा. एक अंडाशय काढलेल्या बाईला दुसऱ्यावर पाळीही येते आणि मुलंही होतात. अशा कितीतरी बायका मी बाळंत केल्या आहेत. इथे इजा करणार आहे ती केमो, आणि ती तर घ्यायचीच आहे. ऑपरेशन झालं नाही म्हणून अंडाशय वाचणार नाही. तिसरी गोष्ट, हे गावात कळायचं कारणच नाही. ही तिच्या फायलीतली गोष्ट आहे. पुढे कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे मोठी झाल्यावर ती ठरवेल. जमलं तर सासूबाईंना मुंबईला घेऊन जा. ट्रान्सप्लांटच्या वॉर्डाबाहेर बसलेल्या दुसऱ्या आज्यांशी त्या बोलतील आणि माझ्या चार पानांनी होणार नाही ते काम तिथे होईल. मात्र ‘हिला कोण करून घेईल’ हे वाक्य पोरीच्या कानावर पुन्हा पडू नये, एवढं हात जोडून सांगा. ती अकरा वेळा दवाखान्यात जाऊन परत आलेली मुलगी आहे. तिची किंमत लग्नात ठरते असं तिला आत्ता वाटायला नको.

आता ती. ताई, आजच रात्री बोला. दाराआडून तिनं अर्धं ऐकलंय आणि उरलेलं अर्धं ती मनानं भरते आहे. ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. मुलांना वाटतं आपला पाय काढणार, किडनी काढणार, आपण मरणार. तिचं पोट दाखवायला लावा, बेंबीच्या खाली दोन्ही बाजूंना तिचाच हात ठेवा आणि सांगा: ‘इथे दोन बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. त्यात बाळाची बीजं असतात, आणि मुलगी मोठी होते ती तिथल्याच रसामुळे. भावाचा मॅरो तुझ्या अंगात रुजावा म्हणून जे औषध देणार आहेत, ते या बीजांना सोसत नाही. म्हणून डॉक्टर म्हणतात, एक बाजूचं आधीच काढून बर्फाहून थंड जागी जपून ठेवू. तू झोपलेली असशील. उठल्यावर पोट दुखेल, औषध देतील. मोठी झाल्यावर तुला बाळ हवं वाटलं तर ते परत लावायचा प्रयत्न करता येईल. नको वाटलं तर नको.’ एवढंच. आणि मग गप्प बसा. तिला विचारू द्या. ‘भाऊला पण दुखेल का?’ असं ती विचारेल बहुतेक. त्याचंही खरं उत्तर द्या, आणि त्या पोराशीही असंच बसून बोला, तोही लहानच आहे.

कागदावर सही तुम्हा दोघांची लागेल, पण तिचं मत घ्या आणि डॉक्टरांनाही तिच्याशी थेट बोलायला सांगा. ती ‘नको’ म्हणाली तर दटावू नका आणि लगेच मानही डोलावू नका. कशाला नको, ते विचारा. माझ्या अनुभवात या वयात ‘नको’चा अर्थ ‘सुई नको’, ‘एकटीला आत नेऊ नका’, ‘डॉक्टर बाई हवी’ असा असतो. यातलं पुष्कळ सोडवता येतं. सगळं समजूनही ती ठाम राहिली, तर तिच्यावर जबरदस्ती करून हे ऑपरेशन करू नये असं मला वाटतं. ट्रान्सप्लांटबाबत मी असं म्हणणार नाही, तिथे प्रश्न जिवाचा आहे. इथे तो नाही.

पैशाचं. यात तीन वेगवेगळे खर्च असतात: ऑपरेशनचा, गोठवण्याचा आणि दरवर्षी साठवणुकीच्या भाड्याचा. लोक पहिले दोन विचारतात आणि तिसऱ्यात अडकतात. बारा वर्षांच्या मुलीची ऊती पंधरा-वीस वर्षं ठेवावी लागू शकते. एकरकमी किती, हप्ता चुकला तर काय, आधी किती वेळा कळवणार, हे लेखी मागा. सरकारी योजनेत हे बसतं असं धरून चालू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना आणि वैद्यकीय समाजसेवकांना भेटा आणि ट्रान्सप्लांटच्या मदतीचा अर्ज करतानाच हा खर्च वेगळा दाखवून विचारा. सामाजिक संस्था आणि ट्रस्टही याच समाजसेवकांना ठाऊक असतात. मुलीच्या नावाचं अपंगत्व प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. घर गहाण टाकून मात्र हे करू नका. ट्रान्सप्लांटनंतरचं वर्ष औषधांचं आणि येण्याजाण्याचं असतं, तेव्हा हातात पैसे लागतील.

केंद्राला विचारायचं तेही इथेच लिहून ठेवते. २०२१ च्या प्रजनन तंत्रज्ञानाच्या कायद्याखाली नोंदणी आहे का? लहान मुलींची ऊती आजवर किती वेळा गोठवली आहे, परत किती जणींना लावली आहे? ट्रान्सप्लांटच्या रुग्णालयातच ऑपरेशन करून ऊती थंड पेटीतून प्रयोगशाळेत नेणार का? यात गैर काही नाही. डेन्मार्कमध्ये वेगवेगळ्या रुग्णालयांतून ऊती कोपनहेगनला नेऊनच गोठवतात. त्या कायद्यात दात्यांची बीजं आणि भ्रूण साठवायला दहा वर्षांची मर्यादा आहे. तुमच्या मुलीच्या स्वतःच्या ऊतीसाठी ते कोणता नियम धरतात आणि किती वर्षांची हमी देतात? केंद्र बंद पडलं तर ऊती कुठे जाईल? अठरा पूर्ण झाल्यावर हक्क तिच्या नावावर कसा करायचा? उत्तरं तोंडी ऐकून परत येऊ नका.

सोमवारी सकाळी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांची एकाच दिवसाची वेळ मागा, म्हणजे मुंबईची एक खेप वाचेल. गोठवण्याचं ठरलं तर पावतीच्या आणि करारपत्राच्या दोन प्रती करा. एक तुमच्या फायलीत. दुसरी पाकिटात घालून त्यावर मुलीचं पूर्ण नाव आणि तिचा अठरावा वाढदिवस येतो ती तारीख लिहा, आणि पाकीट कुठे ठेवलंय ते तिला दाखवा.